विचारा, सांगते : दवाखान्याची काळी पिशवी कुणाची?

प्रश्न : ताई, नाशिकला माझी हाउसकीपिंगची छोटी एजन्सी आहे. ऑफिसं, एक मंगल कार्यालय आणि काही दवाखाने सांभाळते. एका दवाखान्यात आमच्या बायका सगळा कचरा काळ्या पिशवीत भरून घंटागाडीत देतात. परवा गाडीवाल्याला पिशवीत सिरिंज दिसल्या. त्यानं पिशवी परत केली, वर दंड होईल म्हणाला. डॉक्टर म्हणतात, “कचरा उचलणं तुमच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये आहे, तुम्ही बघा.” जबाबदार कोण?

उत्तर : डॉक्टर. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे दवाखान्याचा कारभार ज्याच्या ताब्यात, कचऱ्याची जबाबदारी त्याची. खाटा किती, पेशंट किती, याचा संबंध नाही. एका खोलीतल्या दवाखान्यालाही हे नियम लागू आहेत आणि झाडलोट बाहेर दिली म्हणून ती जबाबदारी तुमच्या गळ्यात येत नाही. पण ताई, पिशवी भरणारे हात तुमच्या माणसांचे आहेत. उद्या चौकशी झाली तर पहिलं नाव त्यांचं निघेल. म्हणून आजपासून तशी पिशवी त्यांनी उचलायची नाही.

मी महापालिकेच्या घनकचरा विभागात नोकरी केली. गाडीवरचा माणूस पिशवी कशी उचलतो, कधी पाहिलंत? गाठीला धरून झोका देतो आणि गाडीत फेकतो. त्या झोक्यात पिशवी त्याच्या मांडीला घासून जाते. आत सुई असेल तर ती पँटमधून थेट मांडीत. मग त्याला हिपॅटायटिस बी, सी किंवा एचआयव्हीची भीती घेऊन महिनोन्‌महिने तपासण्या करत बसावं लागतं, आणि सुई कोणत्या पेशंटची होती हे कधीच कळत नाही. गाडीवाल्यानं पिशवी परत केली ते अगदी योग्य केलं. त्याच्यावर रागावू नका.

दवाखान्यात चार रंगांची सोय हवी. रक्ता-पुवानं भरलेला कापूस, बँडेज आणि मुदत संपलेली औषधं पिवळ्या पिशवीत. सलाइनच्या नळ्या, ग्लोव्ह्ज, सुई काढलेल्या सिरिंज लाल पिशवीत. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, टोचून आरपार न जाणाऱ्या डब्यात. औषधाच्या काचेच्या बाटल्या निळ्या खोक्यात. ही विभागणी जिथं कचरा होतो तिथंच, म्हणजे इंजेक्शन देणाऱ्या नर्सच्या हातून झाली पाहिजे. संध्याकाळी तुमच्या मावशींनी बादलीत हात घालून निवडायची ही गोष्ट नाही. पुढे बारकोड लावलेल्या पिशव्या सामायिक प्रक्रिया केंद्राची, म्हणजे अनेक दवाखान्यांचा असा कचरा एकत्र नष्ट करणाऱ्या केंद्राची गाडी नेते, आणि पिवळ्या पिशवीतला रक्ता-पुवाचा कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. त्या केंद्राचं सभासदत्व आणि फी दवाखान्याची. डॉक्टरांना विचारा, सभासद आहात का? खरी गोम बहुतेक वेळा इथेच असते.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, जे तुम्ही विचारलंच नाहीत. हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, हातमोजे-मास्क आणि प्रशिक्षण, हे सगळं दवाखान्यानं द्यायचं आहे. लस आणि साधनांच्या कलमात दवाखान्याच्या कर्मचाऱ्यांबरोबरच हा कचरा हाताळणारे इतर लोकही धरले आहेत. म्हणजे तुमच्या बायकासुद्धा. हिपॅटायटिस बीचे तीन डोस लागतात : आज एक, महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. कॉन्ट्रॅक्टच्या नूतनीकरणाची वाट न पाहता लेटरहेडवर पत्र लिहा : रंगीत पिशव्या दवाखाना भरून बांधून देईल, आमची माणसं फक्त ठरलेल्या जागी नेऊन ठेवतील, लसीकरण दवाखाना करेल. पोच घ्या. डॉक्टर ऐकत नसतील तर काम सोडा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय नाशिकमध्येच आहे, तिथं तक्रार करता येते.

आणि कुणाला सुई टोचलीच, तर जखम दाबायची नाही, तोंडानं चोखायची तर मुळीच नाही. साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवायचं आणि तडक सिव्हिल हॉस्पिटल गाठायचं. एचआयव्ही टाळायची औषधं पहिल्या दोन तासांत सुरू झाली तर उत्तम. ७२ तासांनंतर उपयोग नाही. हे कागदावर लिहून कपड्यांच्या कपाटावर चिकटवा.

प्रश्न : मी साताऱ्यात सफाईची कामं घेतो. एका लॉजची सेप्टिक टँक साफ करायची आहे. गल्ली अरुंद, टँकर आत जात नाही. दोन पोरं जादा पैशांत उतरायला तयार आहेत. त्यांची लेखी संमती घेतली तर चालेल का?

उत्तर : नाही, दादा. त्या संमतीला काडीची किंमत नाही. हातानं मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानं गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणसाला अशा धोकादायक सफाईसाठी उतरवण्यावर बंदी आहे, मग ते थेट उतरवा की दुसऱ्यामार्फत. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गटारातल्या मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली.

पोरं म्हणतील, “वास गेला की उतरतो.” टाकीतल्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण वायू जास्त झाला की नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणजे वायू गेला असं नाही. पहिला कोसळला की त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि अशा घटनांत एकामागून एक माणसं जातात ती यामुळेच.

टँकर मोठ्या रस्त्यावर उभा करून पाइपला पाइप जोडत आत न्या, किंवा पालिकेकडे लहान सक्शन गाडी आहे का ते पाहा. मैला कुठे रिकामा करणार हेही टँकरवाल्याला विचारा. ओढ्यात किंवा शेताच्या बांधावर नको, प्रक्रिया केंद्रावरच गेला पाहिजे. तुमच्या शेजारी वाईनं २०१८ पासून ठरलेल्या वेळापत्रकानं दर तीन वर्षांनी टाक्या उपसायची पद्धत बसवली आणि मैल्यासाठी प्रक्रिया केंद्र उभारलं. लॉजमालकाला ते दाखवून आणा.

प्रश्न : आम्ही पुण्यात सोसायट्यांची सफाई करतो. संडासातले डाग निघावेत म्हणून मुलं ॲसिडमध्ये ब्लीचिंग पावडर टाकतात, मग खोकत बाहेर येतात. धुतलेलं पाणी पार्किंगमधल्या पावसाळी जाळीत सोडतात. काही अडचण?

उत्तर : दोन्ही आजच्या आज बंद करा. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद संडासात तो जिवावर बेततो. एका दिवशी एकच रसायन वापरा, आणि ॲसिडची बाटली व पावडरचा डबा एका ट्रॉलीवर ठेवूच नका. पावसाळी जाळीतलं पाणी प्रक्रियेशिवाय नाल्यातून मुठेत जातं, आणि १९७४ च्या जल कायद्याखाली असं दूषित पाणी नदीनाल्यात सोडता येत नाही. पोछ्याची बादली संडासातच ओता. रिकामे कॅन भंगारात देण्याआधी भोकं पाडा, कारण बाजारात तेच कॅन पिण्याच्या पाण्यासाठी विकले जातात. आणि त्या मुलांचा खोकला अजून गेला नसेल, तर त्यांना आज छातीच्या डॉक्टरकडे न्या, खर्च तुम्ही करा.