चिलगोजा तोरणमाळला येईल का?

प्रश्न : राम राम भाऊ. आमचं गाव धडगाव तालुक्यात, तोरणमाळच्या अंगाला. दिवाळीला नंदुरबारहून ड्रायफ्रूट आणलं त्यात थोडा चिलगोजा होता, भाव ऐकून डोळेच फिरले. दुकानदार म्हणे हे पाइनच्या झाडाचं बी आहे. तेव्हापासून डोक्यात एकच आहे, तोरणमाळ पण थंड हवेचं ठिकाण, कोडाईकॅनलला पाइनचं जंगल होतं तर आपल्याकडे का नाही होणार? एक नर्सरीवाला 'चिलगोजा पाइन' म्हणून रोपं द्यायला तयार आहे, बांधावर लावू का?
(एक वाचक, धडगाव)

उत्तर : दादा, ही रोपं घेऊ नका. आपल्याकडे नर्सरीत पाइन म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा अरोकेरिया असतं, ख्रिसमस ट्री म्हणतात ते, नाहीतर सरळ सुरूचं झाड. दोन्ही खरे पाइन नाहीतच. चिलगोज्याच्या सुया तीन-तीनच्या जुडीत येतात, आणि झाड मोठं झालं की सालीचे पापुद्रे निघून खोडावर राखाडी-हिरवे-पांढरे डाग पडतात, लांबूनसुद्धा ओळखू येतं. दुकानातलं बी रुजवायचा विचार असेल तर तोही सोडा, ते भाजलेलं असतं, आणि न भाजलेलं मिळालं तरी तेलाचं प्रमाण इतकं की ठेवून ठेवून उगवण कमी होत जाते.

आता हवेचं बघा. चिलगोजा म्हणजे पायनस जेरार्डियाना. हे झाड पूर्व अफगाणिस्तान, पाकिस्तानातले डोंगर आणि आपल्याकडे हिमाचलमधलं किन्नौर, चंब्याचा पांगी-भरमौर भाग आणि जम्मूच्या बाजूला किश्तवाड, एवढ्याच पट्ट्यात जंगलात वाढतं, साधारण 1800 ते 3300 मीटर उंचीवर. तोरणमाळ 1150 मीटरच्या आसपास, आपला अस्तंभा डोंगरसुद्धा 1325च्या पुढे जात नाही. पण खरी अडचण उंचीपेक्षा पावसाची आहे. किन्नौर हिमालयाच्या आतल्या अंगाला आहे, पावसाळी ढग तिथपर्यंत पोचता पोचता रिकामे होतात आणि झाडाला ओल मिळते ती मुख्यतः हिवाळ्यातल्या बर्फाची, बाकी वर्षभर कोरडी हवा आणि खडकाळ उतार. तुमच्याकडे जून ते सप्टेंबर धुकं आणि धो धो पाऊस, जमीन सुकतच नाही, आणि त्यानंतर उन्हाळा तापतो तो वेगळाच. कोडाईकॅनल 2000 मीटरच्या वर आहे आणि तिथले पाइन इंग्रजांच्या काळात बाहेरून आणून लावलेले, दुसऱ्या जातींचे आहेत, चिलगोज्याशी त्याचा संबंध नाही.

प्रश्न : ऑनलाइन 'पाइन नट' चिलगोज्यापेक्षा स्वस्त दिसतात, तेच का हे?
(एक वाचक, भुसावळ)

उत्तर : नाही ताई. जगात खाण्यालायक मोठं बी देणारे पाइन बरेच आहेत, युरोपातला वेगळा, सायबेरिया-कोरियाकडचा वेगळा. ते दाणे बहुतेक सोललेले, बुटके, पांढरट येतात. चिलगोजा लांबट असतो, दोनेक सेंटीमीटर, वर पातळ तपकिरी साल, नखानं पण फुटते. खायला दोन्ही चांगले, फक्त चिलगोज्याचा भाव देऊन दुसरं घेऊ नका.

प्रश्न : एवढा महाग का पण? झाडावरच येतं ना, कोणी खत-पाणी पण घालत नाही.
(एक वाचक, चोपडा)

उत्तर : खत-पाणी नाही हे खरं, पण बाकी सगळं आहे. चिलगोज्याचा शंकू, म्हणजे ज्याच्या खवल्यांत बी असतं तो, पिकायला दुसरं वर्ष उजाडतं, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तो हिरवा असतानाच उतरवावा लागतो, कारण एकदा उघडला की बी गळून जातं नाहीतर पक्षी नेतात. उभ्या कड्यावरच्या झाडावर माणूस चढतो, लांब काठीला आकडी लावून शंकू ओढतो, मग ते ढीग घालून ठेवायचे, खवले उघडले की झोडपून एकेक दाणा काढायचा. किन्नौरमध्ये कित्येक घरांचा वर्षाचा पैसा यातूनच येतो, त्यामुळे त्या माणसांना कोणी नावं ठेवू नयेत असं मला मनापासून वाटतं.

पण भाव जसा चढला तसं झाडावर काहीच शिल्लक ठेवेनासे झाले, बरेच ठिकाणी ठेकेदार अख्ख्या जंगलाचा सौदा करतो आणि त्याचे मजूर शंकूबरोबर फांदीच तोडतात, म्हणजे पुढच्या वर्षीचे बारके शंकू पण गेले. या बियाला उडायला धड पंखच नसतो, कावळ्याच्या कुळातला नटक्रॅकर नावाचा पक्षी ते नेऊन जमिनीत पुरतो आणि त्यातलं विसरलेलं रुजतं. बीच उरलं नाही तर तो पुरणार काय, आणि जे रुजतं ते शेळ्या-मेंढ्या खातात. म्हणून जंगलात म्हातारी झाडं भरपूर आणि कोवळी फार थोडी. अशा जंगलाला धक्का बसला की भरून येत नाही, 2022च्या मे महिन्यात बलुचिस्तानात शेराणी भागात सुलेमान डोंगरावरच्या चिलगोज्याच्या जंगलाला मोठी आग लागली, तिथं आज लावलेलं रोप शंकू धरायला कित्येक वर्षं जातील.

हे वाचून धडगावच्या दादांना चार, म्हणजे चारोळीचं झाड, आठवलं असेल. चारोळीचं आपल्या सातपुड्यात अगदी हेच चाललंय. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आसपास चारं, म्हणजे त्याची फळं, पिकतात पण दुसरा नेईल या भीतीनं लोक आधीच हिरवी ओरबाडतात, फांद्या काय, कुठे कुठे झाडच आडवं करतात. कोवळ्या बियात गर भरलेला नसतो, व्यापारी भाव पाडतो, आणि खाली पडून रुजायला काही उरत नाही. दादा, बांधावर लावायचंच तर चार लावा. पूर्ण काळी पडलेली फळं घ्या, गर धुऊन टाका, कवच कडक असतं ते आतला दाणा न दुखावता हलकं तडकवा आणि पहिल्या पावसात ताजं बी पिशवीत टाका, जुनं बी नको. कलमाचं रोप मिळालं तर फळ लवकर धरेल. आणि गावात बसून एवढं ठरवा की अमुक तारखेआधी कोणीच चारं तोडायची नाहीत, एकट्या घरानं थांबून उपयोग नाही, सगळं गाव थांबलं तरच दाणा भरतो आणि भावही नीट मिळतो.