गावात अभ्यासिका सुरू करायची आहे. स्वतःची संस्था नोंदवावी, की ओळखीचा एक जुना शैक्षणिक ट्रस्ट ‘आमच्या नावाखाली करा’ म्हणतोय ते मान्य करावं?

मी अशाच एका जुन्या ट्रस्टचा खजिनदार आहे, म्हणजे इतरांच्या कामावर छत्री धरणाऱ्यांपैकी. पहिली दोन-तीन वर्षं ट्रस्टखालीच करा, असं माझं मत आहे. पण वेगळं कसं व्हायचं, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

ट्रस्टखाली करा म्हणण्याचं कारण व्यवहारी आहे. संस्था नोंदवायला सात माणसं जमतीलही. पुढे धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय, पॅन, बँक, १२ए (संस्थेला आयकर सवलत), ८०जी (देणगीदाराला आयकर सवलत), दरवर्षी ऑडिट, आणि विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज. नव्या संस्थेला ८०जी मिळतं तेही आधी तात्पुरतं, तीन वर्षांसाठी. कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा, निधी हवा असेल तर तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. मुलांना टेबल-खुर्च्या हव्या आहेत आणि तुम्ही वकिलाच्या पायऱ्या झिजवताय, असं होतं.

आता दुसरी बाजू. दुसऱ्या संस्थेच्या नावाखाली काम करण्याच्या या व्यवस्थेला अमेरिकेत ‘फिस्कल स्पॉन्सरशिप’ म्हणतात आणि तिचे ठरलेले नमुने आहेत. आपल्याकडे त्यासाठी वेगळा कायदा नाही. कायद्याच्या नजरेत तुमचा गट अस्तित्वातच नसतो, अभ्यासिका हा त्या ट्रस्टचा एक उपक्रम असतो. पावती त्यांची, पैसा त्यांचा, कपाटंही त्यांची. तुम्ही घाम गाळलात म्हणून मालकी येत नाही. (हे ऐकून कार्यकर्ते रागावतात, पण ऑडिटरला भावना दिसत नाहीत.)

म्हणून आधी ट्रस्टची घटना, म्हणजे नियमावली, मागून वाचा. उद्दिष्टांत शिक्षण किंवा वाचनालय नसेल, तर अध्यक्ष कितीही भले असोत, तिथे जाऊ नका. असेल तर विश्वस्त मंडळाचा रीतसर ठराव करून घ्या. चहावरचा शब्द पुढच्या निवडणुकीपर्यंतच टिकतो. नवं मंडळ आलं की ‘ही अभ्यासिका कोणाची?’ हा पहिला प्रश्न.

ठरावात ट्रस्टच्याच नावावर पण वेगळं बँक खातं, सहीला त्यांचा एक विश्वस्त आणि तुमच्यातला एक, दरमहा हिशेब, आणि देणगीतला किती वाटा ट्रस्टच्या कार्यालयीन खर्चाला जाणार, हे सगळं असू द्या. पाच ते दहा टक्के मागितले तर कुरकुर करू नका. पावत्या आणि ऑडिटचं काम खरंच असतं. देणगी कोणाच्याही वैयक्तिक यूपीआयवर घेऊ नका. रोख २,००० रुपयांच्या वर असेल तर दात्याला ८०जीची सवलतच मिळत नाही, हेही त्याला आधी सांगा.

वेगळं होण्याचं कलम सगळ्यांत अवघड, कारण तेव्हा पैसा सहज हलत नाही. ट्रस्टने तुमच्या नव्या संस्थेला शिल्लक दिली, तर २०२३च्या अर्थसंकल्पानंतर त्यातले ८५ टक्केच आयकराच्या हिशेबात त्यांचा धर्मादाय खर्च म्हणून धरले जातात. त्यामुळे त्यांचा सीए नाक मुरडणारच. परदेशी देणगी असेल तर विषयच संपला: २०२०च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला देताच येत नाही. आणि चुकूनही ट्रस्टच्या नावावर जागा विकत घेऊ नका. धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय ती विकताही येत नाही, कोणाला भेट म्हणूनही देता येत नाही. वेगळं होईपर्यंत भाड्याची खोली किंवा ग्रामपंचायतीचा हॉल पुरे.

पुस्तकं, फर्निचर आणि खात्यातली शिल्लक नव्या संस्थेला कशी द्यायची, हे लिहायला ट्रस्ट तयार असेल तर बिनधास्त पुढे जा. ‘कशाला लिहायचं, आपलीच माणसं’ असं उत्तर आलं, तर सात जण गोळा करा आणि स्वतःची नोंदणी करा, वेळ लागला तरी.