पाकिटं परत आली, आता काय करू?

ताई,
वरळीच्या बीडीडी चाळीत तिसऱ्या मजल्यावरच्या 160 चौरस फुटांच्या खोलीत माझी 41 वर्षं गेली. पुनर्विकासासाठी चाळ रिकामी करायची म्हणून आता भांडुपला भाड्याने आले आहे. मिस्टर दोन वर्षांपूर्वी गेले. मुलगा बोटीवर असतो, त्याला सुट्टी मिळाली नाही. आमच्या मंडळाची नऊ पोरं आणि माझ्या भजनातल्या तिघी मैत्रिणी दोन दिवस राबल्या. लोखंडी कपाट पोरांनी तीन मजले उतरवलं आणि इथे दोन मजले चढवलं, इथे लिफ्ट नाही. एक मुलगा देव्हारा छातीशी धरून अनवाणी उतरला. सगळं निघाल्यावर तोच पुन्हा वर गेला, माळ्यावर चढला आणि मिस्टरांचे टाळ घेऊन आला. मी ते विसरूनच गेले होते.
मी नऊ जणांना 500-500 रुपयांची पाकिटं दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या डब्याखाली नऊच्या नऊ पाकिटं सापडली. मैत्रिणींना साड्या घेते म्हटलं, तर त्या रागावल्या. मला हे ओझं वाटतंय. 14 ऑगस्ट 2025 ला पहिल्या 556 घरांच्या किल्ल्या दिल्या, आमचा नंबरही कधीतरी येईल. तेव्हा पुन्हा त्याच पोरांना कोणत्या तोंडाने बोलावू?
– एक वाचक, वय 66

चहाच्या डब्याखाली पाकिटं सापडली, हे मी दोनदा वाचलं. नव्या घरात सकाळी उठल्यावर तुमचा हात पहिल्यांदा कुठे जाणार, हे त्या पोरांना ठाऊक होतं. इतकं ज्यांना ठाऊक आहे त्यांच्याशी हिशेब मांडू नका.

ओझं वाहणाऱ्याला मजुरी मिळायलाच हवी. घामाचे पैसे नीट मिळावेत म्हणून माथाडी-हमालांना झगडावं लागलं, तेव्हा 1969 साली त्यांच्यासाठी कायदा झाला. तुमच्या टेम्पोवाल्याला ठरल्यापेक्षा चार पैसे जास्त दिले असतील तर चांगलंच केलंत. पण मंडळाची पोरं मजुरीला आली नव्हती, सावडीला आली होती. कोकणात लावणीच्या दिवसांत आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या, अशी सावड असते. घाटावर इर्जिक घालतात. गावातले लोक आपापली औतं घेऊन एकाच्या शेतात उतरतात, काम उरकून देतात आणि ज्याचं शेत तो त्यांना पोटभर जेवू घालतो. पैशांचं नावही कोणी काढत नाही. तुमच्या चाळीत ही दोन्हीकडची माणसं आली, एका मजल्यावर वीस-वीस खोल्यांत राहिली. गावाकडची ही रीतही त्यांच्याबरोबरच आली असणार.

मला हे उशिरा कळलं. 1988 साली आम्ही गिरगावातली खोली सोडून डोंबिवलीला गेलो. माझी ऑफिसातली एक मैत्रीण रविवारी सकाळी सहाला हजर झाली, येताना घरून दोन जुनी नऊवारी पातळं घेऊन. आईच्या लोणच्याच्या बरण्या तिने त्यांत गुंडाळल्या. सगळ्यात मोठी बरणी मात्र टेम्पोत ठेवायला ती तयार होईना. मागे गाद्यांवर बसून, बरणी मांडीवर घेऊन ती डोंबिवलीपर्यंत आली. मी तिला पहिल्या पगाराच्या दिवशी भारीतलं पेन दिलं. तिने ते घेतलं, पण तिचा चेहरा उतरला. काय चुकलं ते मला समजलं नाही. पुढच्या वर्षी ती जेवायला आली. आईने लोणचं वाढलं आणि सहज म्हणाली, "हे त्याच बरणीतलं बरं का, तुझ्या मांडीवर बसून आली ती." मैत्रीण इतकी खुलली की दोनदा लोणचं मागून घेतलं. माझ्या पेनाने जे झालं नव्हतं ते आईच्या एका वाक्याने झालं. आईने त्या दिवसातली नेमकी गोष्ट लक्षात ठेवली होती.

म्हणून तुम्ही सगळ्यांना मिळून एकच "आभारी आहे" म्हणू नका. कपाट ज्यांनी चढवलं त्यांना कपाटाचं बोला. त्या मुलाला टाळांचं सांगा. ते नसते मिळाले तर तुमचं काय झालं असतं, हे त्याला तुमच्या तोंडून ऐकू द्या. जमलं तर एका एकादशीला भजनात तेच टाळ त्याच्या हातात द्या.

आणि जेवायला बोलवा. घर लहान असलं तरी दोन पंगती बसतील. बाहेरून काही मागवू नका. तिघी मैत्रिणी आदल्या दिवशी वाटण करायला येतो म्हणतील, येऊ द्या. साडीवर रागावलेल्या बायका खोबरं किसताना राग विसरतात, हा माझा अनुभव आहे. पाकिटांतले साडेचार हजार मोडू नका. पुढच्या गणपतीत मंडळाला वर्गणी म्हणून द्या, पावती मिस्टरांच्या नावाने फाडा. ती घ्यायला कोणी नाही म्हणणार नाही.

आता तुमची पाळी. त्या मैत्रिणींच्या चाळीही कधीतरी रिकाम्या होतील. या वयात तुम्ही कपाट उचलायचं नाही. पण सामान हलवताना घराला एक बसून राहणारं माणूस लागतं: कागदपत्रांची पिशवी, दागिने आणि किल्ल्या सांभाळायला, टेम्पोत काय गेलं ते लिहून ठेवायला, लहान मुलांना धरून बसायला. त्या रात्री नव्या घरी पिठलं-भात पोचवायला. हे काम तुम्ही आजच सांगून ठेवा.

राहिला पुन्हा बोलावण्याचा प्रश्न. तुम्ही परके हमाल लावून गुपचूप नव्या इमारतीत गेलात, तर त्या पोरांना फार लागेल. माझ्या मैत्रिणीचा उतरलेला चेहरा मी पाहिलाय, म्हणून सांगते. किल्ली हातात आली की पहिला फोन मुलाला बोटीवर करा आणि दुसरा मंडळात. देव्हारा कोणी न्यायचा, हेही तेव्हाच सांगून टाका.