अण्णांजवळ बसलं की माझाच जीव घाबरा होतो

प्रश्न : मावशी, मी परभणी जिल्ह्यातला. संभाजीनगरला राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. काढून ठेवलेली सोयाबीनची गंज पावसात भिजली, दाण्यांना कोंब फुटले. तेव्हापासून अण्णा ओसरीवर घुम्यासारखे बसून असतात. शेजारी बसलं की माझ्याही छातीवर दडपण येतं. समजवायला गेलं की उठून जातात. अभ्यासात लक्ष लागत नाही. गावाकडं जाणंच बंद करू का?

उत्तर : लेकरा, गावाकडं जाणं बंद करू नकोस.

हे दडपण म्हणजे तुझा कच्चेपणा नव्हे. २०१२ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी काही जणांना एकेकटं मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवून सिनेमातले प्रसंग दाखवले. प्रसंग जितका क्लेशाचा, तितका भावनांशी संबंधित भागांत सगळ्यांचा मेंदू एकसारखा चालू लागला. पडद्यावरच्या परक्या माणसांसाठी असं होतं, मग हा तर तुझा बाप.

ते उठून का जातात, तेही सांगते. अमेरिकेत प्रिन्स्टनला २०१० मध्ये दिसलं, की गोष्ट ऐकणाऱ्याचा मेंदू सांगणाऱ्याच्या मागोमाग, जरा उशिरानं, तसाच चालतो. न कळणाऱ्या भाषेत गोष्ट ऐकवली, तेव्हा तो मेळ उरला नाही. तुझं ‘विमा मिळंल, पंचनामा होईल’ अण्णांना सध्या तसंच परकं लागत असणार. आधी त्यांचं ऐक. बोलले नाहीत तर रात्री ते बाजेवर टेकले की पाय चेपून दे. काही विचारू नकोस. २०१८ च्या एका अभ्यासात जोडीदारानं हात धरला तेव्हा दोघांच्या मेंदूलहरी जास्त जुळल्या आणि चटक्याची वेदना कमी जाणवली. तो प्रयोग जोडप्यांवरचा होता, बापलेकांवरचा नव्हे. तरी मी तुला हेच करायला सांगेन.

एक काम मात्र आजच कर. फवारणीचं औषध घरात असेल तर ते तिथून हलव. अण्णांचं जेवण-झोप तुटली असेल, ‘आता माझं काय राहिलंय’ अशी भाषा येत असेल, तर १४४१६ वर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीला, फोन लाव. रात्री-अपरात्रीही लागतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. अण्णा लावणार नाहीत, तूच लाव. जीव द्यायचं बोलले तर त्यांना एकटं सोडू नकोस, जिल्हा रुग्णालयात घेऊन जा.

आणि तुझ्या पत्रात आईचं एकही वाक्य नाही. तू दोन दिवसांत घाबरा होतोस. ती रोज त्याच ओसरीवर असते. तिला झोप लागते का, हे तिला बाजूला घेऊन विचार आणि मला कळव.