घरात प्रत्येकाची आवड वेगळी असताना आपली आवडती पुस्तके, चित्रपट आणि गाणी त्यांच्यापर्यंत कशी पोहोचवावीत?

तुम्ही लिहिले आहे की सासू-सासरे, पती आणि दहावीतील मुलगा या सर्वांना आपल्या आवडीचे काही द्यावेसे वाटते, परंतु प्रत्येक जण आपापल्या फोनमध्ये गुंतलेला असतो. माझ्या मते सुरुवात गाण्यांपासून करावी आणि ती सर्वांना ऐकू येतील अशी लावावीत.

गिरगाव-लालबागच्या चाळींत एका बिऱ्हाडात रेडिओ लागला की तो गॅलरीभर ऐकू येत असे. आजीची नाट्यगीते नातवाच्या कानावर पडत आणि कोणी शिफारस न करताही ती त्याला पाठ होत. आता प्रत्येकाच्या कानात स्वतंत्र गाणे वाजते, त्यामुळे पूर्वी जे आपोआप घडत होते ते आपल्याला ठरवून घडवावे लागते. आमच्या मुलुंडच्या घरी सकाळी पोळ्या होईपर्यंत स्वयंपाकघरात स्पीकर चालू असतो आणि कोणत्या दिवशी कोणाची गाणी लागणार हे आम्ही वाटून घेतले आहे. मुलीच्या दिवशी रॅप असते. सासऱ्यांनी तिच्याकडून त्यातील शब्द समजून घेतले, धारावी आणि कुर्ल्यातील मुले हे स्वतः लिहितात हे ऐकून त्यांना विशेष कौतुक वाटले, आणि मग त्यांनी तिला त्यांच्या लहानपणचे पोवाडे ऐकवले. इतरांची आवड आपण मनापासून ऐकली, तर आपली आवड त्यांच्यावर लादली जात आहे असे त्यांना वाटत नाही.

दुसरे म्हणजे, थोडे द्यावे. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रथम प्रसारित झाले, तेव्हा त्यातील 56 गीते वर्षाहून थोडा अधिक काळ आठवड्याला एक याप्रमाणे श्रोत्यांसमोर आली. आज ती सलग लावली तर घरातील तरुण मंडळी तिसऱ्या गीताला उठून जातील. मूळच्या रीतीने दर रविवारी एकच ऐकले, तर त्या गीताविषयी बोलायला पूर्ण आठवडा मिळतो. तुमच्या सासू-सासऱ्यांबरोबर हे अवश्य करून पाहा, कारण त्यांच्याकडे या गाण्यांच्या स्वतःच्या आठवणी असण्याचा पुष्कळ संभव आहे आणि त्या आठवणी मुलाने ऐकणे मला गाण्याइतकेच मोलाचे वाटते.

पुस्तक कधीही 'हे वाचाच' म्हणून हातात देऊ नये. जेवणानंतर एखादे पान मोठ्याने वाचावे आणि पुस्तक तेथेच ठेवून द्यावे. घरातील सर्वांसाठी दिवाळी अंकासारखे दुसरे साधन मला माहीत नाही. मुंबईतूनच 1909 मध्ये का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकाने ही परंपरा सुरू केली. एकाच अंकात कथा, कविता, व्यंगचित्रे आणि राशिभविष्य असल्यामुळे ज्याला जे हवे ते सापडते आणि अंक घरात फिरत राहतो. अनेक वाचनालये ठरावीक वर्गणीत दिवाळीनंतरही हे अंक घरी वाचायला देतात, त्यामुळे फार खर्चही होत नाही.

चित्रपटाबाबत एवढेच सांगेन की तो चालू असताना मध्ये समजावून सांगू नये, आणि आपल्याला आवडलेल्या प्रसंगी इतरांच्या चेहऱ्याकडे पाहू नये. तेवढ्यानेही पाहणाऱ्यावर आवडून घेण्याचे दडपण येते. पतीला चित्रपट कंटाळवाणा वाटला तर तो का वाटला हे जरूर विचारावे, पण वाद घालू नये.

मुलाचे दहावीचे वर्ष आहे, म्हणून तूर्त त्याला जाड कादंबरी देऊ नका. सकाळची गाणी आणि रविवारचे एक गीत त्याच्या अभ्यासाच्या आड येणार नाही. परीक्षा झाल्यावर त्याला दादरला किंवा पार्ल्याला नाटकाला घेऊन जा आणि कोणते नाटक पाहायचे हे त्यालाच ठरवू द्या.