खुडा सुरू व्हायच्या आधी

प्रिय पोरी,

ऑक्टोबर छाटणीपासून यंदा द्राक्षबागेचा सगळा हिशेब तू बघतेस, म्हणून हे लिहितोय. माल फेब्रुवारीत उतरेल, पण व्यापारी त्याआधीच बांधावर येतील. त्यांना चहा पाज, नीट ऐकून घे, आणि सौदा ठरला की ते उठायच्या आत वही काढ.

"शब्दावर विश्वास नाही का?" असं कुणी विचारलं की माणूस अवघडतो. मीही अवघडलो होतो. पिंपळगावकडच्या माझ्या बागेचा सौदा मी एकदा बोलण्यावरच केला. किलोचा दर ठरला, हात मिळवला. खुड्याला, म्हणजे घड तोडायला, चार दिवस उरले असताना पाऊस आला आणि बऱ्याच घडांचे मणी तडकले. व्यापारी म्हणाला, दर निवडक मालाचा होता. मी म्हणालो, सरसकट बागेचा. आजही मला वाटतं, तो खोटं बोलत नव्हता. दर बोलताना त्याच्या मनात एक होतं, माझ्या मनात दुसरं, आणि ते कुणीच उच्चारलं नाही. गाडी उभी, मजूर बसलेले, माल वेलीवर. अशा वेळी कुणाला वाकावं लागतं, ते तुला सांगायला नको.

म्हणून दर लिहिताना पुढेच "सरसकट" की "निवडून" ते लिही. पावसाने मणी तडकले तर काय, तेही तेव्हाच विचार. आभाळ निरभ्र असताना हे विचारलेलं कुणाला लागत नाही. वजन कुठल्या काट्यावर, क्रेटचं वजन किती धरायचं, वजनात तूट किती धरायची, खुडा किती तारखेपर्यंत, उचल किती आणि उरलेले पैसे कधी. खाली दोघांच्या सह्या, तारीख, आणि व्यापाऱ्याचं पूर्ण नाव-पत्ता. नुसतं "शेठ" लिहून चालत नाही, उद्या नोटीस कुणाला पाठवशील?

तोंडी करार कायद्याला चालतो. १८७२ चा करार कायदा तो नाकारत नाही. अडतं ते सिद्ध करताना. म्हणून सही नाहीच मिळाली, तरी त्याच रात्री व्हॉट्सॲपवर ठरलेलं सगळं लिहून पाठव आणि त्याचं "हो" मागून घे. ते पुसू नकोस, फोन बदललास तरी.

पैसे थकले तर गप्प बसू नकोस. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दाव्याची मुदत साधारण ३ वर्षांची असते. ती संपायच्या आत त्याने "एवढं देणं आहे" असं लिहून सही दिली, तर तिथून मुदत नव्याने मोजतात. नुसत्या "देतो, देतो"ने ती वाढत नाही. चेक वटला नाही, तर बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस जायला हवी. आपली माणसं नेमकी तेव्हा "बघू पुढच्या आठवड्यात" म्हणत राहतात. मीही राहिलो होतो.

तुझ्या आण्णांना वही पुढे करायला संकोच वाटेल. त्यांच्या पिढीत ओळखीतलाच माणूस माल न्यायचा. त्यांना दुखवू नकोस, सौद्याच्या वेळी शेजारी बसव आणि साक्षीदार म्हणून सही त्यांचीच घे.

पहिला व्यापारी येऊन गेला की फोन कर. कागद मी वाचून देईन.

तुझा,
काका