सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिरातून चंद्राचा सर्वात उत्तरेकडचा उदय दिसतो का?

दिसतो, पण दारासमोर नाही. मंदिर पूर्वाभिमुख आहे आणि टोकाचा चंद्र (18.6 वर्षांच्या चक्रात सर्वात उत्तरेला उगवणारा) पूर्वेपासून उत्तरेकडे साधारण 30 अंशांवर उगवतो. सूर्य जूनमध्ये 25 अंशांपर्यंत जातो, म्हणजे फरक जेमतेम 5 अंशांचा: हात लांब केल्यावर मधल्या तीन बोटांएवढा. इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन दगडी वर्तुळापाशी हाच फरक 10 अंशांच्या घरात जातो, कारण ते विषुववृत्तापासून बरंच लांब, 51 अक्षांशावर आहे.

इथे घोळ होतो तो कंपासचा. आपला काळा दगड बेसाल्ट, त्यात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं. मोबाइल चौथऱ्यावर टेकवला की दिशा भरकटलीच! चार पावलं लांब जा आणि मावळत्या सूर्याचा त्या दिवशीचा दिगंश (उत्तरेपासून मोजलेला दिशेचा कोन) ॲपमध्ये बघून दिशा लावून घ्या. क्षितिजावर डोंगर असेल तर त्याच्या दर अंश उंचीमागे चंद्र सुमारे 0.4 अंश दक्षिणेला दिसतो, तेवढं गणितात धरा.

दिवस निवडायचा तर मार्गशीर्ष पौर्णिमेची आदली संध्याकाळ. चंद्र सूर्यास्ताआधीच वर येतो, त्यामुळे आवार बंद व्हायच्या आत काम होतं. मात्र उजेडात तो फिकट असतो, दुर्बीण हवीच. चंद्राच्या उदयाची टोकं पुढेमागे सरकण्याचं चक्र 18.6 वर्षांचं: त्याचा कळस 2024-25 मध्ये होता, पुढचा 2043 च्या सुमारास.